शूमाकरची खतावणी: शर्यतवाल्याचे आकडे वहीत कसे मांडायचे

ऑक्टोबर २०२० मधली गोष्ट. रविवारी रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. पोर्तुगालची फॉर्म्युला वन मोटारशर्यत नुकतीच संपली होती.

"मामा, ब्याण्णव झाले! आता तुमच्या शूमाकरची वही मिटा."

भाचा हॅमिल्टनचा भक्त. त्या दिवशी त्याचं बरोबरही होतं. मायकेल शूमाकरचे ९१ विजय, लुईस हॅमिल्टनचे ९२. मी एवढंच विचारलं, "शूमाकरनं ते किती शर्यतींत केले रे?" पलीकडे बोटं मोबाइलवर फिरल्याचं कळत होतं. "तीनशे सहा," म्हणाला. मग जरा थांबून, "नाही, इथं तीनशे आठ दिसतंय. मामा, खरं कुठलं?"

दोन्ही खरं. का, ते पुढे येईल. पण त्या फोननंतर त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी आपापल्या वह्या घातल्या, आणि मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारायला लागलं की हे असं कसं मांडायचं. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढतो.

मी सांगलीला हळदीच्या अडत दुकानात छत्तीस वर्षं दिवाणजी होतो. दिवसभर दुसऱ्याची किर्द-खतावणी, आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचला टीव्हीसमोर मांडीवर स्वतःची. २००० साली दसऱ्याच्या सुमारास शूमाकरनं सुझुकाला जिंकून फेरारीला एकवीस वर्षांनी ड्रायव्हरचं विजेतेपद मिळवून दिलं, त्या आठवड्यात मी पहिली वही घातली. त्याआधीची वर्षं नंतर भरली, कात्रणांवरून. त्यात कशी तोंडावर आपटलो, तेही सांगतो.

वही आखताना

लांबडी, दोनशे पानी, कापडी पुठ्ठ्याची वही घ्या. संगणकावरचा तक्ताही चालतो, भाचा तेच करतो. पण तक्त्यात माणूस शेऱ्याचा रकाना चिंचोळा ठेवतो, आणि सगळी गंमत शेऱ्यातच असते. माझ्या वहीत डावं पान आकड्यांचं आणि उजवं पान अख्खं शेऱ्याचं.

डाव्या पानावर रकाने असे पाडा: तारीख, सर्किट, गाडी, पात्रता फेरीत कितवा, प्रत्यक्षात कितव्या जागेवरून सुटला, कितवा आला, गुण, सर्वांत वेगवान लॅप (म्हणजे एक फेरी) कुणाची. पात्रतेचा आणि सुटण्याचा रकाना वेगळा ठेवायला सांगितलं की नवीन माणूस हसतो. मोनॅकोला पोचल्यावर हसू थांबतं.

एका ओळीत एक शर्यत. ही झाली रोजकीर्द. वहीच्या मागच्या बाजूनं खतावणी सुरू करायची: विजयांचं खातं, पोलचं (सुटताना सर्वांत पुढच्या जागेचं) खातं, पोडियमचं (पहिल्या तिघांत येण्याचं) खातं, गुणांचं खातं. नियम एकच आणि तो मोडायचा नाही. खतावणीत आयता आकडा कुठूनही उतरवून घ्यायचा नाही. किर्दीवरून ओळ ओळ उचलायची, बेरीज मारायची आणि मगच छापील आकड्याशी ताळा बघायचा. ताळा जुळला नाही तर वैतागू नका. एक तर तुमची चूक सापडेल, नाहीतर एखादी गोष्ट हाती लागेल.

पहिली वही निवृत्त ड्रायव्हरची घाला. चालू ड्रायव्हरचं खातं दर पंधरवड्याला हलतं, ताळा बघायला स्थिर आकडाच मिळत नाही. आणि निवृत्तांत शूमाकरसारखा गुरू नाही. या माणसाच्या खात्यात अपात्रता आहे, बंदी आहे, मोडलेला पाय आहे, काढून घेतलेला क्रमांक आहे, आणि निवृत्तीनंतर परत येऊन घातलेली भरही आहे. हे एक खातं जमलं की बाकीची सोपी जातात.

सुटला किती वेळा?

सगळ्यांत आधी हाच आकडा पक्का करा, कारण पुढचे सगळे टक्के त्यावर उभे राहतात.

शूमाकरचं नाव ३०८ शर्यतींच्या यादीत होतं. तो सुटला ३०६. मधल्या दोन शर्यती कुठं गेल्या? पहिली १९९६ ची फ्रान्सची, मान्यी-कूरला. पोलवर होता. शर्यतीआधी गाड्या एक फेरी मारून जागेवर येतात, त्या फेरीतच फेरारीचं इंजिन धूर ओकत बसलं. म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या आधी तो पायी परत. दुसरी ११ जुलै १९९९ ची सिल्व्हरस्टोनची. ही जरा बारीक आहे. सुटण्याचे दिवे विझले, गाड्या सुटल्या, पण ग्रिडवर, म्हणजे सुटण्याच्या रांगेत, दोन गाड्या जागीच बंद पडल्या म्हणून शर्यत थांबवण्याचं लाल निशाण दाखवलं गेलं. ते कळायच्या आत पहिल्याच फेरीत स्टो वळणावर शूमाकरचे ब्रेक गेले, गाडी टायरच्या भिंतीत घुसली आणि उजवा पाय मोडला. शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तेव्हा तो रुग्णवाहिकेत होता. आधीची सुरुवात रद्द, म्हणून कागदोपत्री तो सुटलाच नाही. पाय मोडला तो मात्र खराच, पुढच्या सहा शर्यती बुडाल्या.

म्हणून 'यादीत' आणि 'सुटला' अशा दोन बेरजा ठेवा, आणि टक्का काढताना कुठली घेतली ते शेजारी लिहा. हळदीच्या पोत्याचं वजन बारदानासकट सांगतोय की बारदान वजा करून, हे जसं हिशेबाच्या पट्टीवर लिहावं लागतं, तसंच हे.

१९९४ चं पान

आता माझी फजिती. ९४ साल मी एका मित्राच्या कात्रणांवरून भरलं. ओळी भरल्या, बेरीज मारली. नऊ विजय, दोन दुसरे क्रमांक, १०२ गुण. छापील आकडा ९२. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, बायको दिवा बंद करा म्हणत होती.

दिवाणजीला फरकाची सवय असते. फरकाला नऊनं भाग जात असेल तर बहुतेक दोन आकडे उलटेपालटे पडलेले असतात, ५४ चे ४५ झालेले असतात. इथं फरक नेमका दहा. त्या काळी एका विजयाला दहाच गुण होते. म्हणजे आकडे उलटे पडले नव्हते, मी एक आख्खा विजय फुकट जमा धरला होता. कुठला? एकेक कात्रण पुन्हा काढलं. २८ ऑगस्ट, बेल्जियम, स्पा. कात्रणात शूमाकर जिंकला असंच होतं, आणि तो जिंकला होताही. पण शर्यतीनंतर तपासणीत गाडीच्या तळाची लाकडी पट्टी ठरल्यापेक्षा जास्त झिजलेली निघाली. ही पट्टी त्याच वर्षी मध्येच सक्तीची झाली होती, गाड्या जमिनीला फार चिकटून पळू नयेत म्हणून. संघ म्हणाला, शर्यतीत गाडी गरकन फिरली आणि कडेच्या उंचवट्यावर घासली, त्यानं पट्टी गेली. पंचांनी ऐकलं नाही. विजय प्रतिस्पर्धी डेमन हिलच्या नावे गेला. माझ्या कात्रणाला त्याचा पत्ताच नव्हता.

ओळ खोडली आणि सगळं जुळलं. ते पान आता असं दिसतं. मोसमात १६ शर्यती. सिल्व्हरस्टोनला सुटण्याआधीच्या फेरीत हिलला मागे टाकलं आणि नंतर काळं निशाण (गाडी बाहेर काढण्याचा हुकूम) मानलं नाही म्हणून दुसरा क्रमांक गेला, वर दोन शर्यतींची बंदी आली, तेव्हा इटली आणि पोर्तुगाल वजा. उरल्या १४. त्यात आठ विजय, म्हणजे ८०. स्पेन आणि जपानला दुसरा, सहा-सहाप्रमाणे १२. एकूण ९२. उरलेल्या चार: सिल्व्हरस्टोन अपात्र, स्पा अपात्र, हॉकेनहाइमला इंजिन गेलं, आणि शेवटच्या अ‍ॅडलेडला हिलशी टक्कर होऊन दोघंही बाद. आठ, दोन आणि चार, झाले चौदा. हिलचे गुण ९१. एका गुणानं विजेतेपद.

बघा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा एकदाही नाही. एक तर पहिला, नाहीतर दुसरा, नाहीतर शून्य. 'विजेता, ९२ गुण' एवढ्या ओळीत हे दिसत नाही. आणि स्पेनचा दुसरा क्रमांक? निम्म्याहून जास्त शर्यत गाडी पाचव्या गिअरमध्ये अडकलेली असताना मिळवलेला. माझ्या मते तो त्या वर्षीच्या दोन-तीन विजयांपेक्षा भारी, पण खतावणीत त्याची किंमत सहाच. म्हणून म्हणतो, उजवं पान मोठं ठेवा.

तुम्ही सुरुवात याच पानापासून करा. हे एक वर्ष हातानं जुळवलंत तर पुढचं मी न सांगताही जमेल.

१९९७ वेगळ्या तऱ्हेचं आहे. शेवटच्या हेरेथच्या शर्यतीत त्यानं प्रतिस्पर्धी जाक व्हिलनव्हच्या गाडीवर गाडी घातली. त्या मोसमाच्या गुणतक्त्यातून त्याचं नाव काढलं गेलं. क्रमांक गेला, पण त्या वर्षीचे पाच विजय आणि ७८ गुण कारकिर्दीच्या बेरजेत राहिले. १५६६ ही त्याची एकूण बेरीज त्यांच्यासकट आहे. हा प्रकार किर्दीत कुठल्याच ओळीवर दिसत नाही, कारण एकही ओळ बदललेली नाही. तो वर्षाच्या शेवटी, बेरजेच्या खाली लाल शाईनं लिहायचा.

पोल म्हणजे कुणाचा?

पात्रतेत पहिला आला तो पोलवर, असं आपण समजतो. २०१२, मोनॅको. तेव्हा शूमाकर ४३ वर्षांचा, मर्सिडीजमध्ये. पात्रता फेरीत सर्वांत वेगवान तोच. पण आधीच्या बार्सिलोनाच्या शर्यतीत ब्रुनो सेनाला मागून धडकल्याबद्दल पाच जागांची शिक्षा डोक्यावर होती. सुटला सहाव्या जागेवरून, आणि पोल मार्क वेबरच्या खात्यावर पडला. त्यामुळं शूमाकरचे पोल ६८ वरच थांबले. आणि त्या ६८ मध्ये १९९६ चा मान्यी-कूरचा पोल मात्र धरलेला आहे, जिथून तो सुटलाच नाही! एकीकडे न सुटताही पोल जमा, दुसरीकडे सर्वांत वेगवान येऊनही नाही. दोन रकाने का, ते आता कळलं असेल.

विजयाचा शेरा

विजय सगळे सारखे नसतात, पण खतावणीत सगळ्यांना एकच उभी रेघ. दोन शेरे माझ्या वहीतून देतो.

१२ मे २००२, ऑस्ट्रिया. जवळजवळ पूर्ण शर्यत संघमित्र रुबेन्स बॅरिचेलो पुढे. शेवटच्या फेरीत संघाच्या आदेशावरून, अगदी रेषेजवळ त्यानं वेग कमी केला आणि शूमाकरला जाऊ दिलं. प्रेक्षकांनी इतकी हुर्यो उडवली की शूमाकरनं त्याला पोडियमच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभं केलं. त्याबद्दल दंड झाला तो निराळाच. माझा शेरा: 'रुबेन्सचा'. भाचा म्हणतो, मग ही रेघ खोडा. खोडणार नाही. वहीत व्यवहार झाला तसा लिहायचा, आवडला नाही म्हणून काढायचा नाही.

१९ जून २००५, इंडियानापोलिस. मिशेलिन कंपनीचे टायर तिथल्या तिरप्या वळणावर टिकेनात. सुटण्याआधीची फेरी मारून ते टायर लावलेल्या चौदा गाड्या सरळ पिटमध्ये, म्हणजे कडेच्या दुरुस्तीच्या जागेत, गेल्या. शर्यत सहा गाड्यांची: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. शूमाकर जिंकला, आणि २००५ च्या आख्ख्या मोसमातला त्याचा तो एकच विजय. आपल्याकडे रात्र झाली होती आणि मी तरी हटलो नाही, कारण पिवळ्या जॉर्डनमध्ये नरेन कार्तिकेयन होता. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर. चौथा आला, पाच गुण. त्याच्या कारकिर्दीतले सगळे गुण तेवढेच. म्हणजे या एकाच शर्यतीचा शेरा दोन वह्यांत दोन तऱ्हेनं वाचावा लागतो. शूमाकरच्या ९१ मध्ये ती सगळ्यांत हलकी रेघ, आणि नरेनच्या वहीतलं एकमेव जमेचं पान. सहाच गाड्या होत्या हे खरं, पण त्या सहांतही त्यानं दोघांना मागं ठेवलं होतं.

जुन्या काळात गेलात तर आणखी एक पेच लागेल. तेव्हा शर्यतीच्या मध्ये गाडी दुसऱ्याला देता यायची. १९५१ च्या फ्रान्सच्या शर्यतीत अर्जेंटिनाच्या हुआन मान्वेल फांजिओची अल्फा रोमिओ बिघडली. संघानं लुइजी फाजिओलीची गाडी थांबवून त्याला दिली आणि फांजिओनं ती पहिली आणली. आठ गुण दोघांत चार-चार वाटले. विजय मात्र दोघांनाही आख्खा! फाजिओली तेव्हा ५३ वर्षांचा. विजेता म्हणून नाव लागलं, पण माणूस इतका चिडला की पुन्हा विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत उतरला नाही. अशी वाटून घेतलेली पहिली जागा एकूण तीनदा आहे: १९५१ फ्रान्स, १९५६ अर्जेंटिना, १९५७ ब्रिटन. त्यामुळं कुणी सगळ्या ड्रायव्हरांच्या विजयांची तेरीज (एकूण बेरीज) काढायला बसलाच, तर विजय शर्यतींपेक्षा तीनानं जास्त भरतील. डोकं खाजवू नका. ते तसंच आहे.

गुण: या रकान्यावर भरवसा ठेवू नका

कारकिर्दीचे एकूण गुण हा मला सगळ्यांत निरुपयोगी आकडा वाटतो. दोन वेगळ्या काळांतले गुण शेजारी ठेवणं म्हणजे शेरावरचा भाव आणि किलोवरचा भाव एका ओळीत लिहिणं. पहिल्याला १९५० च्या दशकात ८ गुण, १९६१ पासून ९, १९९१ पासून १०, आणि २०१० पासून २५. आता मध्येच शनिवारच्या छोट्या शर्यतींचेही गुण आले. हॅमिल्टनचे गुण शूमाकरच्या काही पट दिसतात, त्यात निम्मी कमाई बदललेल्या गुणतक्त्याची.

तुलना करायचीच असेल तर एकाच मापात आणा. शूमाकरचं २००२ घ्या. सतरा शर्यती, सतराही वेळा पोडियमवर: अकरा पहिले, पाच दुसरे, एक तिसरा. तेव्हाच्या मापानं अकरा गुणिले दहा, अधिक पाच गुणिले सहा, अधिक चार: १४४. आजच्या २५-१८-१५ च्या मापानं २७५ अधिक ९० अधिक १५: ३८०. माणूस तोच, गाडी तीच, एकही ओव्हरटेक वाढला नाही. हे गणित वहीत स्वतः करून बघा, तयार आकडा वाचून ते अंगात उतरत नाही.

माप बदललं की शर्यतीचं मोलही बदलतं. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर २००२ पर्यंत दहा-सहा होतं. २००३ पासून दहा-आठ केलं. त्याच वर्षी शूमाकरनं सहा शर्यती जिंकल्या आणि गुण झाले ९३, किमी रायकोनननं एकच जिंकली आणि गुण झाले ९१. दुसरा येणाऱ्याची चंगळ! शूमाकरला सोपं जातं म्हणून नियम बदलला, असं आम्ही चाहते म्हणायचो. अजूनही म्हणतो.

आणि १९९० पर्यंत कडता होता. अडतीवर शेतकऱ्याच्या पोत्यामागं वजनात कापतात तो कडता. मोसमातले सगळे निकाल धरायचे नाहीत, ठरावीक चांगले तेवढेच धरायचे, बाकी कापायचे. १९८८ चं पान यासाठी मुद्दाम मांडा. सोळा शर्यती, त्यातल्या चांगल्या अकरा धरायच्या. आलँ प्रॉस्त: सात पहिले, सात दुसरे. नऊ-सहाच्या मापानं ६३ अधिक ४२, एकूण १०५. आयर्टन सेना: आठ पहिले, तीन दुसरे, एक चौथा, एक सहावा. ७२ अधिक १८ अधिक ३ अधिक १, एकूण ९४. आता कडता लावा. सेनाचे आठ पहिले आणि तीन दुसरे, बरोबर अकरा, ९०. प्रॉस्तचे सात पहिले आणि चारच दुसरे, ८७. तीन दुसरे क्रमांक, अठरा गुण, कापले गेले. विजेता सेना. शेतकऱ्याच्या पट्टीत मी असा कडता लावला असता तर त्यानं दुकानासमोर ट्रॅक्टर आडवा घातला असता. पण नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता, आणि जास्त शर्यती जिंकलेला माणूसच जिंकला, हेही शेऱ्यात लिहा.

अपूर्णांक दिसले तर छपाईची चूक समजू नका. फांजिओचे १९५४ चे गुण ४२, आणि कडता न लावता सत्तावन्न पूर्णांक एक सप्तमांश. तेव्हा सर्वांत वेगवान लॅपला एक गुण असायचा. सिल्व्हरस्टोनला घड्याळ पूर्ण सेकंदातच वेळ लावत होतं, आणि सात जणांची सर्वांत वेगवान लॅप एकच निघाली, १ मिनिट ५० सेकंद. एका गुणाचे सात वाटे केले! नऊ, नऊ, आठ, आठ, आठ, आठ, स्पेनच्या तिसऱ्याचे चार, आणि सिल्व्हरस्टोनच्या चौथ्याचे तीन अधिक तो सातवा हिस्सा. बेरीज करा, पैशाचा फरक येणार नाही. हे पान मला सगळ्यांत लाडकं आहे. हाताखाली कुणी नवीन पोरगा आला की मी त्याला वाटण्या शिकवायला हेच उदाहरण द्यायचो. त्याला फांजिओ कोण ते कळायचं नाही, पण सात वाटे पक्के कळायचे.

टक्का काढताना

आता भाच्याच्या फोनकडे येतो. शूमाकरचे ९१ विजय, ३०६ सुरुवाती: टक्का २९.७. पण तो २००६ अखेर निवृत्त झाला तेव्हा सुरुवाती २४८ होत्या, टक्का ३६.७. २०१० ते २०१२ तो मर्सिडीजमध्ये परत आला, ५८ शर्यती पळाला, एकही जिंकला नाही. मिळालं काय, तर व्हॅलेन्सियाला एक तिसरा क्रमांक आणि एक वेगवान लॅप. सात टक्के त्यात वाहून गेले. खातं चांगलं चाललेलं असताना बंद करून पुन्हा उघडलं की असं होतं. म्हणून ज्याची कारकीर्द दोन तुकड्यांत आहे, त्याचा टक्का दोन तुकड्यांत काढा आणि एकूणही द्या. फक्त सोयीचा तेवढा सांगू नका. हे मी स्वतःला बजावतोय, कारण भाच्याला मी ३६.७ च सांगायचो.

खरी तुलना सारख्या टप्प्यावर करावी. ९१ वा विजय कितव्या सुरुवातीला? शूमाकरचा १ ऑक्टोबर २००६ ला शांघायला, त्याची २४६ वी सुरुवात. हॅमिल्टनचा ११ ऑक्टोबर २०२० ला न्युर्बर्गरिंगला, २६१ वी. पंधरा शर्यतींचा फरक. मी हे मोठ्या तोऱ्यात भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, तुमच्या शूमाकरला बॅरिचेलो वाट करून द्यायचा. माझ्याला त्याच्या संघातल्या रॉसबर्गनं अशी रेषेजवळ दिली का?" ऑस्ट्रियाचा शेरा मीच त्याला वाचून दाखवला होता. गप्प बसलो.

टक्क्यांत सगळ्या विश्वविजेत्यांच्या वर जुना फांजिओ आहे. ५१ सुरुवाती, २४ विजय, ४७ टक्के, पाच विजेतेपदं. १९५० साली विश्वविजेतेपद सुरू झालं तेव्हाच तो ३८ वर्षांचा होता, आणि तेव्हा वर्षाला सात-आठ शर्यती असायच्या. त्यामुळं त्याच्या एकूण आकड्यांवर आज कुणी बोट ठेवत नाही, टक्क्यावर ठेवतात. फक्त एक: १९५० ते १९६० अमेरिकेची इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही विश्वविजेतेपदात मोजली जायची, आणि युरोपातले बहुतेक ड्रायव्हर तिकडे जायचेच नाहीत. 'सलग विजय' मोजताना ती धरायची की नाही यावर आजही भांडण होतं. इटलीच्या अल्बेर्तो अस्कारीचे १९५२-५३ चे सलग विजय ती सोडली तर नऊ, धरली तर सात. मी सोडतो, आणि शेऱ्यात 'इंडी सोडून' लिहितो.

टक्क्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट मांडून बघा: जिंकला नाही तेव्हा काय झालं? स्कॉटलंडच्या जिम क्लार्कच्या ७२ सुरुवाती, २५ विजय. आणि आख्ख्या कारकिर्दीत दुसरा क्रमांक फक्त एकदा, १९६३ ला जर्मनीत, तेही इंजिन नीट पेटत नसताना. त्याची लोटस गाडी एक तर पुढे निघून जायची, नाहीतर मोडायची. मधलं काही नाही. पोल, विजय, वेगवान लॅप आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आघाडी, हे चारही एकाच शर्यतीत त्यानं आठ वेळा केलं. तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे, शूमाकर-हॅमिल्टन दोघांनाही गाठता आला नाही. वयाच्या ३२ व्या वर्षी, ७ एप्रिल १९६८ ला, हॉकेनहाइमला एका खालच्या दर्जाच्या शर्यतीत तो गेला. त्याच्या वहीचं शेवटचं पान निम्मं कोरं आहे.

पेन्सिल

निकाल त्याच रात्री शाईनं लिहायची सवय असेल तर सोडा. ओळ पेन्सिलीनं लिहायची, दोन दिवस थांबायचं, अधिकृत निकाल आणि गाड्यांच्या तपासणीचे निर्णय आले की शाई फिरवायची. ९४ च्या कात्रणानं मला हे शिकवलं, भाच्याला नाही.

२८ जुलै २०२४, पुन्हा स्पा. आता हॅमिल्टनची वही भाचा घालतो, तीही लांबडी, कापडी पुठ्ठ्याची, मीच सांगलीहून पाठवलेली. हॅमिल्टन दुसरा आला, पहिल्या जॉर्ज रसेलच्या अर्ध्या सेकंदानं मागं. भाच्यानं लगेच निळ्या शाईत '२' लिहिलं, वैतागून. दोन तासांनी फोन.

"मामा, रसेलची गाडी दीड किलो कमी भरली. त्याला काढलं. एकशे पाच झाले!"

"अभिनंदन. खोडलंस का?"

"शाईनं लिहिलंय हो."

"मग व्हाइटनर लावू नकोस. दोनवर एकच आडवी रेघ मार, आतला आकडा दिसला पाहिजे. वर एक लिही. बाजूला सही आणि तारीख. आणि उजव्या पानावर काय लिहिशील?"

"वजन दीड किलो कमी, रसेल बाद."

"आणि?"

जरा वेळ गेला. "स्पा, ९४ बघा," म्हणाला.